जठराचा पाचवा हिस्सा

९ जानेवारी, मंगळवार

आज विच्छेदनगृहात अडकले. शब्दशः! तिसऱ्या आणि चौथ्या टेबलाच्या मधून जाताना दोन्ही बाजूंनी घासले, आणि चौथ्या टेबलावरची अवजारांची पेटी खणखणत खाली गेली. साठ विद्यार्थी बघत होते. एकही हसला नाही — हेच जास्त लागले. हसले असते तर कोणाला तरी वर्गाबाहेर काढले असते आणि विषय तिथेच मिटला असता.

विभागाचे शिपाई मामा धावत आले. चिमटे गोळा करता करता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "टेबलाचं चाक ढिलं झालंय मॅडम, मी केव्हाचा सांगतोय."

टेबलाला चाके नाहीत.

११८ किलो. उंची १५८ सेंटिमीटर. साखर नऊ वर्षांची, गुडघे त्याहून जुने. शरीररचनाशास्त्राची विभागप्रमुख, वय चोपन्न. आणि स्वतःचे शरीर स्वतःच्याच विभागात मावत नाही. पुरे झाले.

१० जानेवारी, बुधवार

वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी वेळ घेतली. फोनवरच्या मुलीने विचारले, "पेशंट कोण आहे, मॅडम?" जणू मी कोणाच्या तरी वतीने बोलत होते!

१८ जानेवारी, गुरुवार

सर्जन म्हणून समोर कोण बसावा? सदतीस!

नाव अर्थातच लक्षात आहे. पण वीस वर्षे माझ्या डोक्यात तो सदतीसच आहे. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत त्याने मृतदेहाची उजवी बाजू आपल्या उजव्या हाताला धरली आणि यकृत देहाच्या डाव्या बाजूला शोधत बसला. शंभरपैकी सदतीस. नापास. सहा महिन्यांनी पुन्हा बसला, तेव्हा सुटला. आता त्याच्या दारावर पाटी आहे आणि बाहेर चौदा माणसे ताटकळत असतात.

मला पाहून ताडकन उठला. "मॅडम, तुम्ही? सांगायचं होतंत, मी आलो असतो." मी म्हटले, "अरे, वजनकाटा घेऊन येणार होतास का?"

त्याने कागदावर जठराचे चित्र काढले. आतल्या बाजूचे वळण त्याने जवळजवळ सरळ काढले. मी पेन घेऊन दुरुस्त केले. त्याने "हो, बरोबर" म्हटले आणि पुढे सांगत राहिला. सांगणे स्पष्ट होते, हे नमूद करते. पर्याय दोन. पहिला स्लीव्ह — जठराचे पाचापैकी चार हिस्से कापून काढायचे, मागे केळ्याच्या आकाराची नळी ठेवायची. अन्नाची वाट तीच राहते. दुसरा बायपास — जठराच्या वरच्या टोकाशी अंड्याएवढी पिशवी वेगळी करायची, लहान आतडे मध्येच कापून वर ओढायचे आणि त्या पिशवीला जोडायचे. उरलेले जठर आत जिथल्या तिथे, पण बिनकामाचे. "तुमची साखर बघता मी बायपासच सांगेन, मॅडम. आणि जेवण घशाशी येत असेल तर स्लीव्हचा विचारसुद्धा नको. नळीत दाब वाढतो, आम्ल वर चढतं. घशाशी येतं का?"

"क्वचित."

"क्वचित म्हणजे किती वेळा?"

"क्वचित म्हणजे क्वचित. शब्दकोश बघ."

त्याने मान खाली घालून ते लिहून घेतले.

आठवड्यातून चार वेळा येते. तीन वर्षे दोन उशांवर झोपते आहे.

२१ जानेवारी, रविवार

दोन्ही शस्त्रक्रियांचा तौलनिक तक्ता केला. अकरा निकष, प्रत्येकाला भारांक. स्लीव्ह ७१, बायपास ६४.

नवऱ्याला दाखवला. तो शाळेत गणित शिकवतो आणि घरी स्वयंपाक करतो. दोन्ही गोष्टी मन लावून करतो, आणि दोन्हींत मला ढवळाढवळ करू देत नाही. चष्मा डोक्यावर चढवून त्याने तक्ता वाचला.

"अगं, घशाशी येण्याला शंभरात फक्त तीन गुण?"

"क्वचित येतं."

"बरं. आणि 'मूळ रचनेचा आदर' याला वीस?"

मी म्हटले, तीस वर्षे मी विद्यार्थ्यांकडून अन्नमार्ग क्रमाने पाठ करून घेते आहे. अन्ननलिका, जठर, आद्यांत्र. पेपरात एक पायरी गाळली तरी मी गुण कापते. आणि आता माझ्याच पोटात ती पायरी गाळून टाकू? आतडे ओढून भलत्याच ठिकाणी शिवायचे, ही काय गळक्या नळाची दुरुस्ती आहे?

"म्हणजे निकाल आधी लागलाय," तो म्हणाला, "आता पेपर तपासणं चाललंय." आणि कांदा चिरायला गेला.

त्याला उत्तर होते. सुचले तेव्हा तो फोडणी करत होता, त्या आवाजात काही ऐकू येत नाही.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

रुग्णालयाचा चार पानी अर्ज भरला. शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका. पेन्सिलीने दुरुस्त केल्या. त्यात एक प्रश्न: 'जेवण घशाशी येते का? — कधीच नाही / क्वचित / आठवड्यातून अनेकदा / रोज.' 'क्वचित'वर खूण केली. पुढचा प्रश्न: 'आम्लपित्ताच्या गोळ्या घेता का?' — 'नाही.'

आज हे उत्तर खरे आहे. उद्यापासून नसेल. संध्याकाळी घरी येताना आठ आठवड्यांच्या गोळ्या घेतल्या. आपल्या नेहमीच्या दुकानातून नाही, पलीकडच्या रस्त्यावरच्या.

घशातून दुर्बीण घालून करायची तपासणी २६ मार्चला आहे. अन्ननलिकेवरचा दाह आठ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक भरून येतो. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. सदतीसला एवढे तर ठाऊक असेलच. पण मी सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसे?

स्वतःच्या शरीराचा निर्णय स्वतः घेण्याचा मला हक्क आहे. संपले.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आहारतज्ज्ञ मुलीची 'समुपदेशन बैठक'. वय असेल पंचवीस. जठराला 'टमी' म्हणते! माहितीपुस्तिकेत तर सरळ छापले आहे: 'पोटाचा ऐंशी टक्के भाग काढण्यात येतो.' पोटाचा? मग उरणार काय — बरगड्या आणि पाय? मी तिला सांगितले की पोट म्हणजे उदर, त्यात यकृतही आले आणि प्लीहाही. काढतात ते जठर. ती गोड हसली. "हो ना, पण पेशंटला टमी म्हटलं की भीती कमी वाटते."

"मला भीती वाटत नाहीये, मला राग येतोय."

"तोही नॉर्मल आहे, मॅडम."

२६ मार्च, मंगळवार

तपासणी झाली. अहवालात लिहिले आहे: 'अन्ननलिका — निर्दोष.'

जन्मभर निर्दोष या शब्दाच्या मागे लागले. आज हातात आला आणि घडी करून पर्समध्ये टाकला. कोणाला दाखवावासा वाटला नाही.

४ एप्रिल, गुरुवार

सदतीसने अहवाल दोनदा वाचला. "चांगला आहे. तरीही मी बायपासच सुचवीन, मॅडम."

तरीही! पुरावा समोर असताना 'तरीही'! मी विचारले, "निर्णय रुग्णाचा असतो ना?"

"असतो."

"मग लिही, स्लीव्ह."

लिहिले. पेन ठेवताना म्हणाला, "घशाशी येण्याचं नक्की ना, मॅडम? काही असेल तर आत्ताच सांगा." मी घड्याळाकडे पाहिले. माझ्या तोंडी परीक्षेत मी असे घड्याळाकडे पाहिले की विद्यार्थी पुढचा प्रश्न विसरतात. तोही विसरला.

१६ एप्रिल, मंगळवार

उद्या. नवरा पिशवी भरतो आहे. तीन पुस्तके ठेवली, वाचायचा चष्मा विसरला. मी पुन्हा सगळे काढून भरले.

१९ एप्रिल, शुक्रवार

झाली. पाच छोटी भोके. दुखते ते भोकांत नाही, उजव्या खांद्यात! शस्त्रक्रियेत पोटात भरलेला वायू छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि कळ खांद्यात येते. कोणत्या मज्जातंतूमुळे, ते सकाळी फेरीला आलेल्या दोन शिकाऊ डॉक्टरांना विचारले. एकाला आले. दुसरा छताकडे बघत होता.

सिस्टर दर दोन तासांनी येऊन विचारते, "गॅस पास झाला का, मॅडम?" त्याच शिकाऊ डॉक्टरांसमोर! सहाव्यांदा विचारले तेव्हा मी म्हटले, झाला की लेखी कळवीन. नवरा म्हणतो, "अगं, अख्खा मजला वाट बघतोय. कळव लवकर."

संध्याकाळी सदतीसला म्हटले, काढलेला भाग मला पाहायचा आहे. तो थबकला, पण बरणी मागवली. माझे जठर मी पाहिले. फिकट, घड्या पडलेले, जुन्या मोज्यासारखे. चोपन्न वर्षे बिचाऱ्याने न कुरकुरता काम केले आणि मी त्याला शिव्या दिल्या. कापाची रेघ टोकापासून टोकापर्यंत सरळ होती. अतिशय सरळ. त्याला काही बोलले नाही. इथे लिहिते आहे, तेवढे पुरे.

३० एप्रिल, मंगळवार

द्रवाहार, दिवस तेरावा. तीस मिलिलिटरचा कप, घोट-घोट, पंधरा मिनिटे. तो संपतो तोवर पुढच्या कपाची वेळ. दिवसभर हेच! एका माणसाला पाणी पाजायला एक माणूस नेमावा लागतो आणि दोन्ही माणसे मीच.

आहारतज्ज्ञ मुलीचा रोज फोन: "आज आपण किती घोट घेतले?" आपण! घोट मी घेतले, बाई. तू तर वेफर्स खात होतीस, ऐकू येत होते.

नवरा बटाट्याचे सूप करून पातळ कापडातून गाळतो. गाळून उरलेले स्वतः खातो. काल मी अडीच चमच्यांवर थांबले तर वाटीकडे बघून म्हणाला, "चवीला चुकलं का काही?" कसे सांगू याला की चवीचा प्रश्नच उरलेला नाही, प्रश्न जागेचा आहे!

२३ मे, गुरुवार

अर्धे उकडलेले अंडे. चावून चावून खाल्ले, वीस मिनिटे लावली. तिसऱ्या घासाला छातीत दगड बसला, तोंडाला पाणी सुटले आणि सगळे बाहेर. वर दिवसभर आंबट पाणी घशात. नव्या जठराला सवय होते आहे. एवढेच.

नवऱ्याला दोघांचाच स्वयंपाक करायला जमत नाही. हात पाच माणसांच्या मापाला बसलेला आहे, आणि त्या पाचांतली साडेतीन मी होते. उरलेले टाकवत नाही, म्हणून खातो. आज काट्यावर उभा केला. माझे सोळा किलो उतरले, त्याचे सहा चढले! घरातले वजन घराबाहेर जायला तयार नाही.

११ जुलै, गुरुवार

कामावर रुजू. ९४ किलो. मामांनी दारातच हात जोडले. "मॅडम, अर्ध्याच आलात! बाकीच्या कुठे ठेवल्या?" तीस वर्षांत या माणसाने मला हसवले असे आज पहिल्यांदा झाले असावे.

टेबलांच्या मधून सरळ गेले. दोन्ही बाजूंना चार बोटे जागा! आनंदात टेप आणून मोजले. तिसऱ्या-चौथ्या टेबलातले अंतर बहात्तर सेंटिमीटर. नकाशात पन्नास आहे. मामांना विचारले. आधी डोके खाजवत राहिले, मग म्हणाले, "दर सुट्टीत बोट-बोट सरकवत होतो, मॅडम. सात-आठ वर्षं झाली. भिंतीकडे आता जागाच राहिली नव्हती, नाहीतर जानेवारीतही..."

माझ्या विभागातली टेबले, मला न विचारता! चांगलेच सुनावले. मग खोलीत येऊन नकाशातला पन्नासचा आकडा खोडला आणि बहात्तर लिहिला.

६ ऑगस्ट, मंगळवार

केस पुंजक्यांनी गळतात. 'तात्पुरते आहे' — आहारतज्ज्ञ.

नणंद येऊन गेली. "वहिनी, चेहरा अगदीच उतरला गं, बरी आहेस ना?" वीस वर्षे 'वहिनी, जरा वजनाकडे बघ' म्हणणारी हीच! ११८ किलोला लोकांना माझी काळजी होती, ८९ लाही आहे. मधल्या कोणत्या किलोला हे लोक गप्प बसतात, ते एकदा कळले पाहिजे.

साखरेच्या गोळ्या निम्म्या झाल्या. जिना न थांबता चढते. आणि घशाशी येते. रोज. दुसऱ्या दुकानातल्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या, दुप्पट.

८ ऑक्टोबर, मंगळवार

व्याख्यानात आवाज बसला. पस्तीस मिनिटांत घसा बंद. मागच्या बाकावरून 'मॅडम, ऐकू येत नाही'. मला! या आवाजाने लोक जिन्यावरून परत फिरत असत. ध्वनिवर्धक मागवावा लागला.

तीन आठवडे खुर्चीत बसून झोपते आहे. आडवे झाले की आम्ल नाकापर्यंत. नवरा सकाळी मानेला शेक देतो आणि काही विचारत नाही. त्याचे न विचारणे मला अलीकडे सहन होत नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा दुर्बीण. अन्ननलिकेच्या खालच्या भागात लांबच लांब जखमा. तुकडे तपासणीला पाठवले.

सदतीस माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसला. रंग उडालेला. "मॅडम, माझं चुकलं. आधीपासून थोडंफार असणारच, मी आणखी खोदून विचारायला हवं होतं. आता बायपास केल्याशिवाय हे थांबणार नाही."

मी म्हटले, "बघू."

तो माझी क्षमा मागत होता आणि मी 'बघू' म्हटले.

७ नोव्हेंबर, गुरुवार

कर्करोग नाही. पण आतल्या अस्तराच्या पेशी रूप बदलू लागल्या आहेत. दुर्लक्ष केले तर पुढे तिकडेच वाट जाते. बायपास, शक्य तितक्या लवकर.

मूळ रचनेचा आदर — वीस गुण!

१२ नोव्हेंबर, मंगळवार

विभागाच्या टपालात रुग्णालयाच्या गुंतागुंत-सभेची सूचना आली. दर महिन्याला फसलेल्या शस्त्रक्रियांवर सर्व डॉक्टर बसून चर्चा करतात. रुग्णालय आमच्याच महाविद्यालयाला जोडलेले, त्यामुळे विभागप्रमुख म्हणून मलाही बोलावणे असते. मी कधी जात नाही. या वेळी यादीत तिसरे प्रकरण:

'५४ वर्षांची स्त्री. स्लीव्हनंतर तीव्र अन्ननलिकादाह. कारण : रुग्ण निवडीतील चूक. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या तक्रारींची सर्जनने पुरेशी चौकशी केली नाही. सादरकर्ता —' आणि त्याचे नाव.

माझे नाव कुठेही नाही. मी गप्प बसले तर ते कधी येणारही नाही.

दुपारी मामांनी बातमी आणली — मामांना रुग्णालयातले सगळे कळते. डिसेंबरात तिथल्या शस्त्रक्रिया-पथकाच्या प्रमुखाची निवड आहे. नावे दोन. त्यातले एक सदतीसचे. "पण हे प्रकरण नडणार म्हणतात, मॅडम. कुणीतरी बाई आहे, तिचं फार बिघडवलंय म्हणे."

१३ नोव्हेंबर, बुधवार

त्याला फोन केला. सांगायचे ठरवून केला. वाक्य तयार होते, तीनदा घोळवलेले.

"अरे, ती सूचना वाचली."

"मॅडम, तुमचं नाव कुठेही येणार नाही, काळजी करू नका."

"ते नाही. तू लिहिलं आहेस ते..."

"खरं तेच लिहिलंय, मॅडम. चूक माझी आहे."

आणि मी म्हटले, "'रुग्णनिवड' एक शब्द आहे. मधली जागा काढ."

"हो, मॅडम. काढतो."

फोन ठेवला. ठेवला! स्वतःची इतकी चीड यापूर्वी कधी आली असेल तर आठवत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

नवऱ्याने माझ्यासमोर गोळ्यांची रिकामी पाकिटे ठेवली. फेब्रुवारी-मार्चची. पुस्तकांच्या कपाटात मागे सारलेली. मी ती टाकायचीही विसरले होते. रद्दी काढताना एप्रिलमध्येच त्याला सापडली होती, म्हणाला. "तुझी शस्त्रक्रिया होऊन गेली होती, म्हणून बोललो नाही."

मी सगळे सांगितले. सूचना, सभा, पद.

"तपासणीच्या आधी गोळ्या खाऊन अहवाल चांगला आणला. बरोबर?"

"हो."

"तुझ्या परीक्षेत एखाद्या पोराने असं केलं असतं तर?"

"तीन वर्षं बसू दिलं नसतं."

"मग मला काय विचारतेस?" आणि गॅस बंद करायला उठला.

मी म्हटले, भरसभेत माझी किती शोभा होईल, कल्पना आहे का? तिथे बसलेला प्रत्येक जण माझ्या हाताखालून गेला आहे. तो दारातून म्हणाला, "त्यातल्या एकाच्या पोटावर पाय येतोय, तेवढं बघ."

असल्या गोष्टी लोक पोटात ठेवतात म्हणे. माझ्या पोटात जागा उरली आहे कुठे?

१८ नोव्हेंबर, सोमवार

निवेदन लिहून काढले. सात मसुदे. सातव्यात 'अनवधानाने' हा शब्द घुसला होता. फाडला. अनवधानाने काहीही झालेले नाही. न वाचता बोलायचे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सभा. तिसऱ्या रांगेत बसले. पडद्यावर 'रुग्णनिवड' एकत्र होते.

त्याने प्रकरण मांडले. सावरासावर नाही, मखलाशी नाही. मग पहिल्या रांगेतले वयोवृद्ध सर्जन सुरू झाले — "इतका साधा प्रश्न विचारता येत नाही? घशाशी येतं का, हे आमच्या काळी कंपाउंडरसुद्धा विचारायचा!" काही जण हसले. तो म्हणाला, "सर, विचारलं होतं. नीट विचारलं नाही."

मी उभी राहिले. त्याला वाटले, मीही त्याला झाडायला उठले आहे. खांदे तसे झाले त्याचे, पहिल्या वर्षात होत तसे.

म्हटले, "ती चोपन्न वर्षांची स्त्री मी आहे. यांनी मला दोन वेळा विचारलं. एकदा मी खोटं सांगितलं, एकदा घड्याळ बघितलं. दुर्बिणीच्या आधी सात आठवडे चोरून गोळ्या घेतल्या, जखमा दिसू नयेत म्हणून. यांनी बायपास सुचवला होता, तोही दोनदा. डॉक्टर, तुम्ही पडद्यावर जे कारण लिहिलं आहे ते चुकीचं आहे. ते बदला."

आवाज मध्येच फाटला. ध्वनिवर्धक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेले असावे, कारण कोणीही 'ऐकू येत नाही' म्हटले नाही. कोणाचा तरी फोन वाजला आणि कितीतरी वेळ कोणी बंद केला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पडद्याकडे पाहत राहिला.

बसायला हवे होते की जायला, कळेना. गेले.

२० नोव्हेंबर, बुधवार

महाविद्यालयात मी दिसले की बोलणी थांबतात. प्राचार्यांनी 'थोडे दिवस विश्रांती घ्या' असे सुचवले. मामांनी मात्र खोलीत पाणी आणून ठेवले. तीस मिलिलिटरच्या मापाने ओतून, एका रांगेत सहा कप. "ती बाई तुम्हीच होतात होय?" एवढेच म्हणाले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

निवड समितीने त्याची फाइल पुन्हा मागवली आहे, मामांकडून कळले. त्याच्या बाजूने असावे.

त्याचा फोन नाही. बायपासची तारीख तोच देणार होता. मी करणार नाही फोन. एवढे बोलल्यावर आता त्याने करावा!

२५ नोव्हेंबर, सोमवार

आला. विभागात, स्वतः. बस म्हटले, बसला नाही.

"मॅडम, तुमचा बायपास मी करणार नाही. रागावलोय, पण रागामुळे नाही. आत काय आहे ते यंत्रं थोडंफार दाखवतात. बाकी सगळं मी पेशंटच्या शब्दावर करतो. तुमच्या शब्दावर मला आता हात चालवता येणार नाही. माझ्यापेक्षा चांगल्या दोन सर्जनना चिठ्ठी लिहून आणलीय."

चिठ्ठी टेबलावर ठेवली. मी काय म्हणते याची वाट पाहत उभा राहिला.

"बरोबर," मी म्हटले.